शून्य ओलांडणाऱ्यांची मोजणी



यवतमाळने १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने भरवली. या गावात गणितही मराठीतच बोलावे, म्हणून आजचा विषय फ्लोअर सिद्धांत.

फिरत्या ग्रहाचे स्थान आणि संवेग एकत्र धरले की जो अवकाश मिळतो, त्याची भूमिती म्हणजे सिम्प्लेक्टिक भूमिती. व्लादिमिर आर्नोल्ड यांनी १९६० च्या दशकात एक अटकळ मांडली. अशा बंदिस्त अवकाशात बल ठरावीक काळाने तेच ते येत राहिले, तर तेवढ्या काळात मूळ जागी परतणाऱ्या कक्षा किमान किती, हे अवकाशाचा आकारच ठरवतो. मेदूवड्याच्या पृष्ठभागावर किमान तीन. १९८० च्या दशकात जर्मनीच्या आंद्रेआस फ्लोअर यांनी या प्रश्नाला हात घातला आणि नवे शास्त्रच उभे केले.

त्यातली मुख्य अडचण तुमच्या-माझ्या वर्गातली आहे. बी.एस्सी.ला आपण सममित मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढतो. मॅट्रिक्स हळूहळू बदलत नेली की त्याही संख्यारेषेवर सरकतात. सुरुवातीला दोन ऋण होत्या, शेवटी एकच उरली, म्हणजे एकूण हिशेबात एक शून्य ओलांडून धन बाजूला गेली. ऋण व्हॅल्यूंची संख्या हा क्रमांक धरला, तर ही क्रमांकांची साधी वजाबाकी. फ्लोअर यांच्यापुढे मात्र दोन्ही टोकांना, म्हणजे दोन कक्षांपाशी, ऋण व्हॅल्यू अनंत होत्या. अनंतातून अनंत वजा कसे करणार? करायचेच नाही! वाटेत किती जणींनी शून्य ओलांडले तेवढेच मोजायचे, उलट गेलेल्या वजा धरायच्या. हाच स्पेक्ट्रल फ्लो. दोन कक्षांच्या क्रमांकांमधला फरक फ्लोअर यांना याच मोजणीने मिळाला.

ही कल्पना अतिया, पाटोदी आणि सिंगर यांच्या १९७६ च्या शोधनिबंधात आहे. यातले विजयकुमार पाटोदी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. जन्म १९४५, मध्य प्रदेशातल्या गुना गावचा. डॉक्टरेट मुंबई विद्यापीठाची. डिसेंबर १९७६ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. फ्लोअरही १९९१ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. ही हानी मला आजही सलते.

फ्लोअर यांच्या मोजणीची गोष्ट इथे संपत नाही. त्याच १९९१ मध्ये कांदेलास आणि सहकारी भौतिकशास्त्रज्ञांनी पाचव्या घाताच्या एका त्रिमितीय अवकाशावरच्या तिसऱ्या घाताच्या परिमेय वक्रांची संख्या ३१,७२,०६,३७५ सांगितली. अशा अवकाशाला जणू आरशातल्या प्रतिमेसारखा एक जोडीदार अवकाश असतो; ही संख्या त्यांनी त्या जोडीदारावरून काढली होती. गणितज्ञांचे संगणकी उत्तर वेगळे आले. पुढे चूक गणितज्ञांच्याच प्रोग्रॅममध्ये सापडली. १९९४ मध्ये झुरिचच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मॅक्सिम कोन्त्सेविच यांनी आरशाचा अर्थ सांगितला: एका बाजूला फ्लोअर यांची मोजणी, दुसरीकडे बैजिक भूमिती. त्या दुसऱ्या बाजूच्या व्हेक्टर बंडलांवर नरसिंहन आणि शेषाद्री यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेले मूलभूत प्रमेयही याच मुंबईच्या संस्थेतले.

मुंबईतल्या या कामाविषयी आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, आणि ही उणीव आपली, शिक्षकांची आहे. माझी एवढीच विनंती आहे: येत्या सत्रात आयगेन व्हॅल्यू शिकवाल तेव्हा आकडेमोडीवर थांबू नका. फळ्यावर संख्यारेषा काढा, शून्य ओलांडणारी एक व्हॅल्यू दाखवा आणि विजयकुमार पाटोदींचे नाव सांगा.