गोळीची वेळ, पाळीची वेळ



मी डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तरी आज जठारपेठेत औषधावर बोलावयास उभा आहे, कारण एक चूक माझ्या पदरी आहे.

1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतील मगजाचे, प्रत्यारोपण भारतात प्रथम यशस्वी झाले. रक्ताच्या कर्करोगात रोगट मगज तीव्र औषधांनी नष्ट करावयाचा आणि भावाबहिणीच्या मूळपेशी सलाइनप्रमाणे शिरेतून द्यावयाच्या. पण या पाहुण्या पेशी नव्या घरालाच परके समजून त्वचा, आतडी, यकृत यांवर तुटून पडू शकतात. त्यांना आवर घालण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, बहुधा बारा-बारा तासांनी, महिनोन् महिने घ्यावे लागते. रक्तातील त्याचे प्रमाण घटले तर पेशी उठतात. वाढले तर मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून तपासणीच्या सकाळी गोळी सोबत न्यावयाची आणि रक्त दिल्यावरच घ्यावयाची.

आमचा एक सभासद भावाच्या मगजाने वाचला. मी व्यवस्थापनाशी भांडून त्याला बसल्या जागेचे काम मिळवून दिले, हारही घातला. गोळ्यांचे मात्र विचारले नाही. पाळी दर आठवड्याला बदले. रात्रपाळी करून आला की सकाळची गोळी झोपेत जाई. तपासणीला मुंबई गाठावी तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. शिवाय अंगात बळ आलेले. ‘बरा झालो, आता कशाला?’ म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. थोड्याच दिवसांत तळहात लाल झाले, तोंड सोलले, जुलाब लागले. पुन्हा खाट धरली. जीव वाचला, पण वर्ष गेले.

लोक म्हणाले, निष्काळजी माणूस! मी विचारतो, ज्याच्या दिवसाचे घड्याळ दुसऱ्याच्या हाती, त्याने एकट्याने नियम पाळावा कसा? घड्याळाचा गजर, खणांची डबी, घरच्यांची आठवण, हे हवेच. चुकलेली गोळी आपल्या मनाने दुप्पट घेऊन भरून काढू नये. पण एकच ठरलेली पाळी आणि तपासणीची भरपगारी रजा हेही औषधच आहे. कामगार राज्य विम्यात कर्करोगासाठी, अटींनुसार, विस्तारित आजारपण-लाभ आहे. तो मागून घ्या.

पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय आपण चालते यंत्र सोडत नाही. तसेच डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी सोडावयाची नाही. आणि आजारी सोबती कामावर परतला की ‘कसा आहेस?’ एवढ्यावर थांबू नका. ‘गोळी घेतलीस का?’ हेही विचारा. मी विचारले नव्हते.