शेवटचा घोट कधी घेतला?



मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला माणूस हाडांच्या वॉर्डात दाखल होतो. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागतात, बनियन घामानं भिजतं, चादरीवर नसलेलं काहीतरी तो चिमटीनं वेचत बसतो. नातेवाईक म्हणतात, बाहेरचं काही लागलं असणार. लागलेलं काही नसतं, सुटलेलं असतं. रोजची दारू एकाएकी बंद झाली म्हणून मेंदू बिथरलेला असतो. वेळेवर ओळखलं नाही तर यात माणूस दगावतो. ओळखलं तर औषधं साधी आहेत, फक्त क्रम चुकवायचा नाही. सलाइनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यायचं. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं. पण दाखल करून घेताना ‘शेवटचा घोट कधी घेतला?’ हे विचारायची सवय पुस्तकातून लागत नाही. विचारलंच, तर स्वर बहुधा फौजदाराचा असतो.

ही सवय विद्यार्थिदशेतच लावायची एक चांगली वाट आहे. उन्हाळ्यात किंवा जमेल तेव्हा दोन महिने, एका अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली, व्यसनाच्या एखाद्या छोट्या प्रश्नावर संशोधन. अमेरिकेत व्यसनांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था विद्यार्थ्यांना उन्हाळ्यापुरतं अशा कामावर घेत आली आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. विद्यार्थी त्याला ‘एसटीएस’ म्हणतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यानं आपल्याच महाविद्यालयातला गाइड शोधायचा, प्रस्ताव लिहायचा, नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यायची, दोन महिने काम करायचं आणि अहवाल द्यायचा. अहवाल पसंत पडला तर प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. ही रक्कम अलीकडे ५० हजार रुपये झाली आहे. मला यातली ‘आपल्याच महाविद्यालयात’ ही अट सगळ्यात आवडते. त्यासाठी पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहावं लागत नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय, जळगावचं २०१८ साली सुरू झालेलं शासकीय महाविद्यालय, शिवाय दोन्ही जिल्ह्यांतली खासगी महाविद्यालयं, इथल्या कुणालाही हे करता येतं.

आणि विषय? तो ओपीडीच्या रांगेत उभा आहे. केंद्र सरकारचं व्यसनांविषयीचं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळालेले दिसले. उरलेले ३७ कुठे आहेत? पित्ताच्या गोळ्या मागायला येतात, टाके घालायला येतात, टीबीचं औषध मध्येच सोडून देतात. तंबाखूचं तर विचारूच नका. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी शंभरात सुमारे २४ जण धुराविना तंबाखू घेणारे निघाले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

विद्यार्थी येतात ते भलं मोठं शीर्षक घेऊन. ‘खान्देशातील तरुणाई आणि व्यसनाधीनता’. दोन महिन्यांत होतंय होय ते! गाइडचं पहिलं काम म्हणजे या शीर्षकाला कात्री लावणं. हाडांच्या वॉर्डातल्या किती रुग्णांच्या केसपेपरवर दारूची नोंद आहे, एवढंच बघ म्हणावं. किंवा बाळंतिणींच्या वॉर्डात मिश्री लावणाऱ्या बायका किती आणि त्यांच्या बाळांचं वजन काय. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेल्या अभ्यासात मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धुळ्यात काय भरतं, हे बघायला वजनकाटा वॉर्डातच आहे.

मोजण्याची मौज वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ‘ऑडिट’ नावाची. त्यात ‘एका बैठकीत किती ड्रिंक?’ असं विचारतात. अनेक देशांत एक ड्रिंक म्हणजे साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल. आता आपला माणूस सांगतो, ‘फक्त एक क्वार्टर, साहेब.’ हिशेब करा. १८० मिलिलिटर, बाटलीवर लिहिलेलं ४२.८ टक्के, म्हणजे जवळपास साठ ग्रॅम. ‘फक्त एक’ म्हणता म्हणता सहा ड्रिंक झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरकडे, घरी गाळलेल्या मोहाच्या दारूला तर बाटली नाही की लेबल नाही. तिथे विद्यार्थ्यानं रुग्णाचाच पेला मागून घ्यावा आणि पाणी ओतून तो किती मिलिलिटरचा आहे ते मोजावं. कडकपणा किती, हा प्रश्न तरीही उरतोच आणि अहवालात तसा प्रामाणिकपणे लिहावा लागतो.

दुसरी गोची हंगामाची. उन्हाळा म्हणजे मोहाची फुलं पडून गेलेली, लग्नसराई भरात, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या आणि पारावर पत्त्यांचे डाव रंगलेले. अशा वेळी ‘गेल्या महिन्यात किती दिवस प्यालात?’ विचारलं तर येणारा आकडा जुलैमधल्या पेरणीच्या दिवसांत येणार नाही. हुशार विद्यार्थी आखाजी कुठल्या तारखेला होती, कोणाच्या घरी लग्न होतं, असं धरून रुग्णाला एकेक दिवस आठवायला लावतो. शहाणा गाइड मे महिन्यातला आकडा सगळ्या वर्षाला लावू देत नाही.

यातून निघतं काय, असं कोणी विचारेल. गोव्याचं उदाहरण देतो. तिथल्या ‘संगत’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी त्यांतल्या निम्म्यांशी दोन-चार बैठकांत बोलायचं, इतकाच उपाय. तीन महिन्यांनी या गटातले शंभरात ३६ जण धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोन महिन्यांच्या विद्यार्थ्याकडून एवढं होणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. पण इथल्या केंद्रात असं काही सुरू करायचं तर आधी किती लोक, काय आणि कसं पितात, हे कुणीतरी मोजून ठेवलेलं लागतं.

एक पथ्य मात्र कडक. नशेत असलेल्या किंवा थरथरणाऱ्या माणसाची सही संमती म्हणून घ्यायची नाही. तो शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. प्रश्नावलीवर नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक. बायको शेजारी बसलेली असताना प्रश्न विचारायचे नाहीत, आणि मिश्रीचं सासूसमोर विचारायचं नाही. उत्तर ऐकून भुवई उंचावली की पुढचं उत्तर खोटं येतं, हे दोन दिवसांत पोरांना आपोआप कळतं.

ऐकणाऱ्यांत विद्यार्थी असतील तर त्यांनी अर्जाच्या जाहिरातीची वाट बघत बसू नये. गाइडकडे दिवाळीनंतर लगेच जावं, कारण योजनेत एका गाइडला एका वेळी एकच विद्यार्थी घेता येतो आणि चांगले गाइड लवकर भरतात. आणि जे रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून दवाखान्यात येतील, त्यांना सांगणं असं की पांढऱ्या कोटातल्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं अवघड प्रश्न विचारला तर जे असेल ते सांगा. सांगायचं नसेल तर ‘नाही सांगत’ म्हणा, तोही तुमचा हक्क आहे. त्यामुळे उपचार अडत नाहीत. घरात कुणाला आजच मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक लिहून घ्या, एक चार चार चार सहा. फोन फुकट आहे.