परसातला मुळा आणि बाईच्या हातचे बी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतीमालाच्या भावाच्या बैठकीत मुळ्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. १९९० नंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक भावांनी घरधनिणीच्या नावे जमिनीचा तुकडा केला. पण त्या तुकड्यात काय पेरायचे, कधी काढायचे हे कोण ठरवणार? सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून ते आपोआप सुटत नाही. सीताशेतीचा विचार त्यातूनच पुढे आला. परसातल्या दोन वाफ्यांपासून सुरुवात करायला मुळा चांगला.

जमीन वीतभर खोल भुसभुशीत करा, खडे वेचा. शेणखत पुरते कुजलेले हवे. ताज्या शेणाने मुळ्याला फाटे फुटतात. बी पेरभरही खोल नको. रोपे दाट झाली की चार बोटांवर एक ठेवून विरळणी करावी. उपटलेली कोवळी रोपे मुगाच्या डाळीत घाला, वाया काही जात नाही. सगळे बी एकदम टाकू नका, दर दहा-बारा दिवसांनी एक ओळ टाका. पाण्यात खंड पडला की मुळा तडकतो, तिखट होतो. मुळा कच्चा खायचा, तेव्हा न्हाणीचे साबणाचे पाणी त्याला नको.

खरी मेख काढणीत आहे. पुसा चेतकीसारखा वाण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. तो उन्हाळ्यातही येतो. आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे, सकाळी उपटावा. तयार मुळा जमिनीत ठेवला की आत जाळी धरते, दोर होतात. बाजारासाठी लावलेल्या मुळ्याचे हेच होते. भाव पडला, काढणीची मजुरी निघेना, माल रानात उभा राहिला. परसबाग करा म्हणजे पोट भरेल, असा उपदेश करणारे पाहुणे गावात येतात. त्यांना सांगा, परसबाग आमची आम्ही करू. भावाचे काय ते बोला.

आता बियाणे. सर्वांत आधी फुलावर येतो त्याचे बी धरू नका, तो पुढे तीच खोड देतो. चांगले दहा-बारा मुळे निवडा, शेंड्याचे दोन बोटे ठेवून पाला छाटा, खालचे टोक कापा आणि परत लावा. एकट्या झाडावर शेंगा नीट भरत नाहीत, मधमाशीला जोडीची झाडे लागतात. लाल आणि पांढरा शेजारी फुलला तर बी मिसळते. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी थोडी कमी करा, नाहीतर बियाला काही उरणार नाही!

संकरित बी घ्यायला आमची ना नाही; ते पुढे तसेच उतरत नाही, एवढे ध्यानात ठेवा. घरचे बी राखायचा, वाटायचा, छापाविना विकायचाही हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने दिला आहे. ज्या बहिणींनी बी आणले असेल त्यांनी जेवणाआधी मांडवात बसावे, वाणाचे नाव आणि गाव पुडीवर लिहावे.