उरलंसुरलं नको, आपल्या वाटणीचं घ्या



मी नागपूरच्या धंतोलीत राहते. तुमच्यापैकी बऱ्याच जणींचं इथे कधी ना कधी येणं झालं असेल. सीताबर्डीला लागूनच हा भाग. गल्लोगल्ली दवाखान्यांच्या पाट्या. विदर्भातल्या गावागावांतून लोक पेशंट घेऊन इथे येतात. दुपार झाली की दवाखान्याबाहेर, झाडाच्या सावलीत डबे उघडतात. बाई आधी पेशंटला भरवते, मग सासऱ्याला, भावाला, लेकराला वाढते. शेवटी डब्यात अर्धी पोळी नि बोटभर भाजी उरते. तेवढ्यावर ती पाणी पिते आणि वरून चहा घेते.

एकदा एकीला मी विचारलं, "बाई, तुमचं जेवण?" ती हसून म्हणाली, "झालं ना जी!" तिचे ओठ पांढरट पडले होते. चार पायऱ्या चढली तर धाप लागली. पण पेशंट ती नव्हती. पेशंट तिचा नवरा होता.

मैत्रिणींनो, ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. म्हणजे दहा जणींचा गट असेल तर त्यात पाच-सहा जणी. आपण म्हणतो, "बाईच्या जातीला थकवा असायचाच." नाही. थकवा हा बाईचा स्वभाव नाही. बरेचदा ते दुखणं असतं आणि त्यावर इलाज आहे.

मग करायचं काय? महागडी पावडर नको, टॉनिकही नको. पहिली सवय ताटाची. स्वयंपाक झाला की सगळ्यांची ताटं एकदम वाढा, त्यात स्वतःचंही. पातेल्यात उरेल ते आपलं, असं नको. ज्वारीची भाकर, घट्ट वरण किंवा हरभऱ्याची उसळ, एखादी पालेभाजी आणि वर जवसाची चटणी. हे आपल्या विदर्भाचंच जेवण आहे. त्यावर लिंबू पिळा, किंवा जेवणासोबत आवळा, संत्रं खा. आंबट फळांमुळे भाजी-डाळीतलं लोह अंगाला जास्त लागतं.

दुसरी सवय चहाची. चहा सोडा असं मी म्हणत नाही. पण जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

तिसरी सवय पाण्याची. वावरात आडोसा नसतो, म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ होते, ताप येतो. पाण्याची बाटली सोबत ठेवा. आडोशाची सोय कशी करायची, ते गटात बसून ठरवा. ही लाजेची गोष्ट नाही.

चौथी सवय कमरेची. निंदण, कापूस वेचणी करणारीला कोणी व्यायाम सांगितला तर ती हसेल. पण दिवसभर एकाच अंगानं वाकून राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. धुऱ्याशी पोहोचलात की सरळ उभ्या राहा, दोन्ही हात वर ताणा, पाच लांब श्वास घ्या. मगच पुढच्या ओळीला लागा.

आता महत्त्वाचं. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या जेवणानं लवकर भरून निघत नाही. आशाताईला विचारा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ किंवा त्याहून जास्त हवं, गरोदर बाईचं ११ किंवा त्याहून जास्त. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहा-दुधासोबत घेऊ नका. शौचाला काळं झालं तरी घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि आपल्याकडे सिकलसेल आहे. घरात कुणाला असेल तर आधी ती तपासणी करा. सिकलसेल निघाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

बचतगटात आपण रुपया-रुपयाचा हिशोब ठेवतो. पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं तपासणी करावी आणि आपला आकडा आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून त्याखाली दुसरा आकडा लिहावा. वाढला तर ती आपली खरी बचत.

आज संध्याकाळी वाढायला बसाल, तेव्हा एक ताट जास्त मांडा. ते तुमचं.