कोंबडी कोणाची, धंदा कोणाचा?

(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



मराठी मंडळाच्या व्यासपीठावर कोंबड्या-शेळ्यांचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्यांना मी वडोद्याची आठवण करून देतो. १८८९ साली भाऊसाहेब कवठेकरांनी तेथे ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. देशात सहकारी कायदा आला १९०४ मध्ये, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी माणसाने कायद्याची वाट न पाहता सहकार करून दाखवला, हा आपला वारसा आहे. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

आपल्या मध्य प्रदेशातीलच उदाहरण घेऊ. इटारसीहून बैतूलकडे जाताना केसला आणि सुखतवा ही गावे लागतात. जिल्हा पूर्वीचा होशंगाबाद, २०२२ पासून नर्मदापुरम. येथील गोंड आणि कोरकू स्त्रियांना बरोबर घेऊन ‘प्रदान’ या संस्थेने ब्रॉयलर कोंबडीपालनाचे काम सुरू केले. २००१ मध्ये स्त्रियांची सहकारी संस्था नोंदली गेली. पुढे सभासद हजाराच्या वर गेल्या आणि ‘सुखतवा चिकन’ या नावाने माल बाजारात आला. प्रत्येकीच्या घराजवळ तीनशे-चारशे पक्ष्यांची एक लहान शेड. एवढ्या लहान शेडचा धंदा मोठ्या कंपन्यांपुढे टिकतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे.

ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खाद्याचा. समजा, एका बाईकडे ४०० पक्षी आहेत. म्हणजे एका बॅचला ८०० किलो माल. विक्रीच्या आठवड्यात बाजार किलोमागे २० रुपयांनी पडला, तर तिचे १६,००० रुपये गेले. मोलमजुरीवर जगणारे घर हा फटका एकदा सोसेल, दुसऱ्यांदा शेड रिकामी राहील. आणि बाजार पडतो तो तिच्या चुकीने नव्हे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि देशभर कोंबडीचा भाव कोसळला. २०२० च्या मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली, पुन्हा तेच. २०२१ च्या प्रारंभी इंदूरचे कावळे मेले आणि चिकनच्या दुकानांवर शुकशुकाट झाला, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

केसल्याच्या संस्थेने येथे दोन जोखमी वेगळ्या केल्या. पिल्ले, खाद्य आणि औषधे संस्था देते आणि तयार पक्षी वजन करून परत घेते. बाईला बाजारभावाशी देणेघेणे नाही. किती खाद्यात किती वजन तयार झाले आणि मर किती झाली, यावर तिचा मोबदला ठरतो. जे तिच्या हातात आहे त्याची जबाबदारी तिची, जे नाही त्याची संस्थेची. भाव चढा असताना संस्थेकडे शिल्लक पडते, ती मंदीत उपयोगी येते.

आपल्यातील जाणकार म्हणतील, खासगी कंपन्याही कराराने असेच कोंबडीपालन करून घेतात, मग फरक काय? दिसायला फरक थोडा, पण तो मुळाशी आहे. कंपनीच्या करारात मोबदल्याचा दर कंपनी ठरवते, शिल्लक कंपनीची, आणि करार नको झाला की शेतकऱ्याची शेड रिकामी. सहकारी संस्थेत दर ठरवणाऱ्या संचालक मंडळावर सभासद स्त्रियाच बसतात आणि राखीव निधी त्यांचाच असतो. कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘उत्पादक कंपनी’ आली, तिचेही तत्त्व हेच. सभासद उत्पादकच असले पाहिजेत, आणि व्यक्ती-सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असोत, मत एकच. या रचनेचा लाभ घेऊन आपल्या प्रदेशातील कोंबडीपालक स्त्रियांच्या सहकारी संस्थांनी पुढे एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनीही उभारली.

आता सरकारी योजनांकडे वळू. केंद्राने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली. प्रत्येक संघटनेला व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत, म्हणजे वर्षाला सहा लाख. हेतू चांगला आहे. पण चौथ्या वर्षी व्यवस्थापकाचा पगार कोण देणार? हा हिशेब पहिल्या दिवशीच मांडला पाहिजे. संस्थेने किलोमागे दोन रुपये व्यवस्थापन खर्च धरला, तर सहा लाखांसाठी तीन लाख किलो माल हवा. ४०० पक्ष्यांची शेड वर्षात पाच बॅच घेते, म्हणजे ४,००० किलो. तेव्हा किमान पंचाहत्तर शेड नियमित भरलेल्या हव्यात. वीस शेडवर उभी केलेली संस्था अनुदान संपताच बसणार, त्यात सभासदांचा दोष नाही. आणि माल एका टापूत हवा. शेड पन्नास किलोमीटरवर विखुरलेल्या असतील तर खाद्याच्या गाडीचे भाडेच नफा खाते.

शेळीचे गणित मात्र निराळे. शेळी रानात चरते, विकतचे खाद्य थोडे, आणि ती पाच-सहा आठवड्यांत विकायची नसते. गाभणकाळच पाच महिन्यांचा. तेथे कोंबडीची नक्कल चालत नाही. शेळीवालीचे नुकसान दोन ठिकाणी होते. एक, पीपीआर आणि आंत्रविषारासारख्या रोगांत करडे मरतात. दुसरे, व्यापारी दारात येऊन अंदाजाने भाव करतो, आणि घरात आजारपण किंवा लग्न असेल तर पडेल त्या भावात बोकड जातो. म्हणून शेळीपालकांच्या संस्थेने आधी लसीकरण, जंतनाशक आणि वजनकाटा एवढे तरी हाती घ्यावे. गावातलीच स्त्री ‘पशुसखी’ म्हणून तयार करावी आणि तिला प्रत्येक कामाचे पैसे मिळावेत. बकरी ईदच्या आधी बोकड एकत्र करून वजनावर विकावेत. अडीअडचणीला सभासदाला थोडी उचल देता आली, तर तिला अवेळी विक्री करावी लागणार नाही. एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ झाले.

मंडळींनो, आपण राजकीय विचार करणारी माणसे आहोत, म्हणून शेवटी स्पष्ट बोलतो. निवडणूक आली की शेळ्या आणि पिल्ले फुकट वाटण्याच्या घोषणा होतात. फोटो निघतात, आणि पुढे लस देणारा कोणी नसतो. उमेदवार आपल्या दारात येतील तेव्हा आपण तीन गोष्टी विचाराव्यात. सभासदांच्या संस्थांना खेळते भांडवल रास्त व्याजाने आणि वेळेवर मिळेल का? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील रिक्त जागा कधी भरणार? आणि रोगाच्या साथीत पक्षी मारावे लागले तर लहान पालकाला भरपाई किती दिवसांत मिळेल?

दुसरे काम आपल्या हातचे आहे. आपल्या घराघरांत निवृत्त बँक अधिकारी आहेत, सनदी लेखापाल आहेत, महूच्या महाविद्यालयातून शिकलेले पशुवैद्य आहेत. या संस्थांना नेमका हिशेबाचा, तपासणीचा आणि सल्ल्याचा तुटवडा असतो. महिन्यातून दोन दिवस द्या. मात्र अध्यक्षपदावर बसू नका. खुर्ची सभासद बाईची, आपण तिच्या शेजारी वही घेऊन बसावे. संस्था तिच्या हाती राहिली तरच धंदा तिचा राहील.