खाडीकांठचा असमान वांटा

मुलुंड-भांडुपच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीकांठीं ओहोटीच्या वेळीं उभें राहिलें, तर एक उग्र वास नाकांत शिरतो. कुजक्या अंड्यांसारखा हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तिवरांच्या मुळाशीं साचलेल्या गाळांत प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील सूक्ष्म जंतु समुद्राच्या पाण्यांतील सल्फेटांवर गुजराण करतात आणि हा वायु बाहेर सोडतात.

आतां कोडें असें आहे, कीं खाडीचें पाणी आणि हा वायु हीं भावंडेंच म्हटलीं पाहिजेत. पाण्याच्या रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु व प्राणवायूचा एक. वायूच्या रेणूंत हायड्रोजनचे दोन व गंधकाचा एक. प्राणवायु आणि गंधक एकाच कुळांतले. पाण्याचा रेणुभार १८, वायूचा ३४. हलकें तें आधीं उडून जावें, ही आपली अटकळ; पण पाणी उकळण्यास १०० अंश शतमान उष्णता लागते, आणि त्याचें वजनदार भावंड शून्याखालीं ६० अंशांवरच वायुरूप होतें!

ह्याचें मूळ अणूंच्या बंधांत आहे. दोन अणु इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात, त्यास सहसंयुज बंध म्हणतात. परंतु सामाईक म्हणजे समान नव्हे. एकत्र कुटुंबाची इस्टेट सामाईक असते, म्हणून तिचा उपभोग सर्वांस सारखा मिळतो, असें आपल्यापैकीं किती जण छातीवर हात ठेवून सांगतील? सामाईक जोडी आपल्याकडे ओढण्याची जी अणूची शक्ति, तिचें नांव विद्युतऋणता.

लायनस पॉलिंग ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९३२ सालीं तिचें माप बसविलें, तें मोठ्या चातुर्यानें. हायड्रोजनच्या दोन अणूंमधील बंध तोडण्यास दर मोलमागें सुमारें ४३६ किलोजूल लागतात. क्लोरिनच्या दोन अणूंमधील तोडण्यास सुमारें २४२. तेव्हां हायड्रोजन आणि क्लोरिन ह्यांच्यामधील बंधास दोहोंची सरासरी, म्हणजे ३३९ लागावे. प्रत्यक्षांत ४३१ लागतात. हा वरकड जोर असमान ओढीचा. माणसांचीं घरें असमान वांट्यानें फुटतात. अणूंचा बंध मात्र त्यानें अधिक घट्ट होतो.

आजच्या कोष्टकांत हायड्रोजनची विद्युतऋणता २.२०, गंधकाची २.५८, प्राणवायूची ३.४४ अशी दिलेली असते. गंधक व हायड्रोजन ह्यांच्यांत अंतर अवघें ०.३८, म्हणून वांटा जवळजवळ सारखा. पाण्यांत तें १.२४ आहे. त्यामुळें प्राणवायूच्या बाजूस किंचित् ऋणभार येतो, हायड्रोजनच्या बाजूस किंचित् धनभार. रेणु वांकडा असल्यानें ह्या दोन बाजू एकमेकींस पुसून टाकीत नाहींत. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या प्राणवायूस बिलगतो, आणि हा बिलगलेला जमाव सोडविण्यास चुलीवर एवढें इंधन जाळावें लागतें.

अंतर १.७ हून अधिक झालें, कीं बंध आयनिक समजावा, असें पाठ्यपुस्तकें सांगतात. परीक्षेपुरतें तें ठीक. हायड्रोजन आणि फ्लुओरिन ह्यांच्यांत अंतर १.७८ असूनहि त्यांचा बंध सहसंयुजच राहतो. निसर्गानें अशी कुंपणें घातलेलीं नाहींत. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हळूहळू उतार आहे.

त्या उताराच्या पार तळाशीं मिठागरांतलें मीठ. सोडियम ०.९३, क्लोरिन ३.१६, येथें वांटणी कसली, सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरिननें जवळजवळ पुरता आपलासा केलेला! उन्हाच्या तापानें पाणी उडून जातें, आणि मागें हे धन व ऋण आयन एकमेकांस धरून पांढऱ्या खड्यांच्या रूपानें उरतात. परंतु मृगाची पहिली सर आली, कीं पाण्याचा प्राणवायु सोडियमभोंवतीं घोळका करतो, हायड्रोजन क्लोरिनला वेढतो, आणि खडा विरूं लागतो. मिठागरावर राबणाऱ्यांना ज्येष्ठांतल्या आभाळाकडे डोळे लावून मीठ उचलण्याची घाई करावी लागते, ती ह्याचसाठीं.