दंडाचा धाक आणि न्यायाची गती



२००४ सालच्या ऑगस्ट महिन्यातील दोन लागोपाठचे दिवस आठवून पाहावेत. १३ ऑगस्टला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव नावाच्या गुंडाला ठार केले. वर्षानुवर्षे त्याने त्या वस्तीतील लेकीसुनांना छळले होते आणि तक्रारींना कोणी दाद देत नव्हते, असे वस्तीचे म्हणणे होते. दुसऱ्याच दिवशी पहाटे कोलकात्याच्या अलीपूर कारागृहात धनंजय चॅटर्जी याला फाशी देण्यात आली. एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या केल्याचा तो गुन्हा मार्च १९९० मधला. एक दंड काही मिनिटांत, दुसरा चौदा वर्षांनी!

या दोन्ही घटनांचे समर्थन करणारा वर्ग समाजात मोठा होता, आणि त्यात सभ्य, कायदा पाळणारी, पापभीरू माणसेच अधिक होती. पुढे ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ चार संशयित आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने मात्र पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्याचा निष्कर्ष काढला. तो अहवाल २०२२ मध्ये उघड झाला, तोवर फुले केव्हाच सुकली होती. या लोकमताला रानटी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ते रक्ताला चटावलेल्या समाजाचे मत नव्हे. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून थकलेल्या समाजाचे आहे.

आपल्या परंपरेत दंडाचा विचार भावनेच्या भरात झालेला नाही. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मत्स्यन्याय आपल्या शास्त्रकारांनी सांगितला. परंतु त्याच परंपरेतील कौटिल्य असेही बजावतो, की कठोर दंडाने प्रजा त्रस्त होते, सौम्य दंडाची अवहेलना होते आणि यथायोग्य दंडच आदरास पात्र ठरतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात आले नाही. तरी महाराष्ट्र रामशास्त्र्यांना विसरला नाही, याचे कारण शिक्षेच्या कठोरपणात नाही. आरोपी कोण आहे हे न पाहता निर्णय देण्यात आहे.

फाशीने धाक बसतो का, हा प्रश्न पुणेकरांनी एकदा अगदी जवळून अनुभवला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने शहर हादरले. संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांचे कुटुंबीय भांडारकर रस्त्यावरील आपल्या घरात मारले गेले. एकूण दहा जीव गेले. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडू लागले, ओळखीचा आवाज ऐकूनही दार उघडेनासे झाले. मारेकरी निघाले कलाशिक्षण घेणारे तरुण, याच शहरातील! सप्टेंबर १९७८ मध्ये चौघांना फाशीची शिक्षा झाली, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली. शहराने सुटकेचा श्वास सोडला तो मात्र गुन्हेगार पकडले गेले तेव्हाच. फाशीने धाक बसला की नाही हे कोणी मोजलेले नाही. न्याय झाला, ही भावना मात्र निश्चित निर्माण झाली आणि ती क्षुल्लक नव्हे.

दहशतवादाची गोष्ट वेगळी आहे. मरायलाच आलेल्याला मरणाचा धाक कसला? तेथे तर्क दुसरा आहे. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेल्या विमानातील प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझरला तुरुंगातून सोडावे लागले, आणि त्यानेच पुढे जैश-ए-महंमद उभी केली. जिवंत अतिरेकी हा पुढच्या अपहरणाचे निमित्त ठरतो. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली, तरी दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे यांचा अपवाद केलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत फाशी अजिबात नको असे मत मांडले होते, हेही फाशीच्या समर्थकांनी विसरू नये.

आणखी एक प्रकरण समर्थकांना अस्वस्थ करणारे आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात घडलेल्या दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या समाजातील सहा जणांना शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. गावात चोरी झाली की पोलीस प्रथम पालावर येतात, हे यमगरवाडीसारख्या ठिकाणी भटक्या-विमुक्तांत काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. २००९ नंतर लोकभावनेच्या रेट्याने ती फाशी तत्परतेने दिली गेली असती, तर २०१९ मध्ये सोडायला कोणी उरले नसते.

म्हणजे घाई नको. पण दिरंगाई म्हणजे काळजी नव्हे. कोल्हापूरच्या गावित भगिनींचे प्रकरण पाहा. मुले पळवून त्यांना चोरीच्या कामी वापरायचे आणि नकोशी झाली की मारायचे, असा तो गुन्हा. १९९६ मध्ये अटक झाली, २००१ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नंतर दयेचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. राष्ट्रपतींनी तो २०१४ मध्ये फेटाळला. तोवर जवळजवळ आठ वर्षे लोटली होती. अखेर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विलंबाचा दोष सरकारी यंत्रणेवर ठेवून दोघींची फाशी जन्मठेपेत बदलली. त्या मुलांच्या आईबापांच्या वतीने, फाइल इतकी वर्षे कोणाच्या कपाटात पडून होती, हा प्रश्न विचारायला मंत्रालयावर एकही मोर्चा गेला नाही.